शर्मनच्या पाठीवरचा संसार

एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं गेली. त्यामुळे अंगावर काहीच सामान नसलेली गाडी दिसली की मला ती आजारी वाटते. चालती गाडी म्हटली की ड्रायव्हरच्या मागे पाण्याचा कॅन हवा, दोरीचं भेंडोळं हवं, ग्रीसने काळाकुट्ट झालेला फडका हवा. आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो की हेच खटकतं. रंग चकचकीत, पाठ मोकळी. लढाईला निघालेल्या शर्मन रणगाड्यात पाच माणसं असायची आणि त्या पाचांचा संसार बाहेरच बांधलेला असायचा, कारण आत तोफगोळ्यांनाच जागा पुरायची नाही.

दिवाळीत १/३५ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा, प्लास्टिकचा शर्मन बांधायला घेतला. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिलेले आपल्या डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे शर्मन, त्यातला एक करायचा होता. सामानासाठी तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा ‘अलाइड व्हेइकल्स अ‍ॅक्सेसरी सेट’ मागवला. जेरीकॅन म्हणजे पेट्रोलचे पत्र्याचे डबे, दारूगोळ्याच्या पेट्या, गुंडाळलेल्या ताडपत्र्या, पाठीवरच्या पिशव्या असा सगळा माल. पोस्टेज धरून बाराशेच्या आसपास पडला. बायको म्हणाली, “एवढ्यात खरा कॅन आला असता.” आला असता, पण तो १३ मिलिमीटरचा नसता.

आधी जेरीकॅनच हातात घेतला. खरा डबा साधारण ४७ सेंटीमीटर उंच, म्हणजे या मापात साडेतेरा मिलिमीटरच्या जरा खाली. व्हर्निअर लावला, बरोबर. तिन्ही मुठी सुट्या मोजता येतात आणि बाजूवरची फुली ठसठशीत उठली आहे. या दोन गोष्टींवर मी अडून बसतो, कारण त्या शोभेच्या नाहीत. भरलेला डबा दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन घ्यायचे, म्हणून मुठी तीन. फुलीमुळे पत्र्याला ताकद येते आणि उन्हात पेट्रोल फुगलं तर फुगायला वावही मिळतो. जर्मनांनी हा २० लिटरचा डबा १९३७ मध्ये काढला. इंग्रज शिपाई जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, त्यावरून नाव पडलं. इंग्रजांचे स्वतःचे डबे म्हणजे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे. आपल्याकडचा पंधरा किलोचा तेलाचा डबा डोळ्यांसमोर आणा, तसलेच. ट्रकमध्ये एकमेकांवर आपटून गळायचे आणि आफ्रिकेच्या वाळवंटात पेट्रोल वाटेतच मुरायचं. शिपाई तेच डबे कापून, आत वाळू भरून, तिच्यात पेट्रोल ओतून चहाची चूल करत. शेवटी इंग्रजांनी जर्मन डब्याची नक्कल केली. अमेरिकनांनीही केली, पण कडा दुमडून आणि तोंडाला आटे पाडून. वेल्डिंग सोडून दुमड का घातली, हे कुठल्याही डबेवाल्याला विचारा, तोही कपाळाला हात लावेल.

ताडपत्र्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. घड्या सुबक आहेत, पण शेवटी वस्तू कडक प्लास्टिकची. तशीच चिकटवली तर इंजिनच्या झाकणावर लाकडाचा ओंडका ठेवल्यासारखी दिसते. मी खालच्या बाजूला पातळ सिमेंटचे, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाचे, तीन-चार हात मारतो, प्लास्टिक मऊ पडलं की जागेवर ठेवून अंगठ्याने हलकं दाबतो आणि रात्रभर हात लावत नाही. कडेचा ठसा उमटला की वजन आल्यासारखं वाटतं. सेटमधले साचातले पट्टे मी तासून काढले. त्यांच्याऐवजी गोळ्यांच्या पाकिटामागची चांदी दीड मिलिमीटर रुंद कापून लावली. ही चांदी फुकटची आहे, कारण माझ्या बीपीच्या गोळ्या तशाही चालूच आहेत.

रंगवताना एकच सांगतो. ऑनलाइन फोटोंत सगळा डबा गंजवलेला दिसतो. रोज वापरातला डबा गंजत नाही, हात लागून लागून तो मुठीपाशी घासला जातो. तेलाचा ओघळ तोंडाखाली एकाच बाजूला येतो, कारण माणूस रोज त्याच बाजूने ओततो. डिझेल टाकीच्या तोंडाशी उभं राहून आयुष्य गेलं, एवढं तरी मला कळतं.

याआधी एक स्वस्तातला सेट घेतला होता. नाव लिहीत नाही. त्यातल्या डब्याचे दोन अर्धे एकमेकांना अर्धा मिलिमीटर चुकत होते. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या डब्यावर साडेसतरा मिलिमीटर. असा डबा आमच्या स्टोअरकीपरने दारातूनच परत पाठवला असता. मुठींच्या मधली जागा बुजलेली, पेट्यांना कड्या नाहीत, पिशव्यांवर प्लास्टिक आकसून पडलेले खळगे. पुट्टी भरून घासत बसलो आणि दोन रविवार गेले. सुटे भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात, तसली एक फ्रेम पाकिटात नव्हतीच. दुकानदाराचं उत्तर अकराव्या दिवशी आलं: “सर, चेक करतो.” अजून चेकच चाललंय.

तामियाचा सेट घ्याच, पण रणगाडा, जीप, ट्रक यांच्यासाठी घ्या. २५ पौंडी तोफेच्या शेजारी मांडायला घेत असाल तर थांबा. त्या तोफेत गोळा आधी वेगळा भरत आणि दारूचं पितळी नळकांडं मागून वेगळं. म्हणजे तिच्या बाजूला या दोन गोष्टी वेगवेगळ्या पडलेल्या दिसायला हव्यात. तिथे सेटमधल्या मशिनगनच्या गोळ्यांच्या पट्ट्यांच्या पेट्या रचल्या तर देवळालीला तोफखान्यात नोकरी केलेला कोणीतरी काका येऊन तुमची मजा घेईल. माझी घेऊन झाली आहे.

शर्मनवर सात डबे चढले. उरलेल्यांतला एक नातीने बाहुलीच्या स्वयंपाकघरात रॉकेलचा डबा म्हणून नेला. तो परत मागायची हिंमत नाही.