आर्काइव्ह डॉट ओआरजी (arXiv.org): गावात बसून न्यूक्लिअर फोर्स शिकायचा असेल तर

राजेहो, एमएस्सी झाल्यावर पुढचं वाचायचं म्हणलं तर दारव्ह्याकडं असली लायब्ररी कुठून आणाव, अन जर्नलमधला एकेक पेपर विकत घ्यायचा तर डॉलरमधी पैसे मोजा. आर्काइव्ह म्हणजे शास्त्रज्ञ आपले पेपर जिथं सगळ्यांना वाचायला टाकतात ती वेबसाइट; वाचायला लॉगिन नाही, फी नाही. पॉल गिन्सपार्गनं १९९१ मधी सुरू केलं, आता कॉर्नेल युनिव्हर्सिटी चालवते, अन टावर धड नसला तरी पीडीएफ उतरते.

मी वाचतो ते प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या बलाचं रिनॉर्मलायझेशन, म्हणजे अगदी जवळचं जे माहीत नाही ते मोजता येणाऱ्या आकड्यांत बसवायची रीत. लांबवर पायॉन नावाच्या कणाची देवाणघेवाण, ते ठीक हाय, पण जवळ गेलं की त्यातला टेन्सर भाग (स्पिनच्या दिशेवर अवलंबून असणारा) एक भागिले आर घन (आर म्हणजे दोघांतलं अंतर) असा वाढत जाते आणि जिथं तो ओढणारा असते तिथं श्रोडिंगर समीकरणाचं एक ठाम उत्तरच राहत नाही, मग कटऑफ लावायचा (एका हद्दीपेक्षा जास्त ऊर्जेचं, म्हणजे फार जवळचं, कापून टाकायचं), आतलं जे माहीत नाही ते कॉन्टॅक्ट टर्मच्या (दोन कण अगदी एका जागी आल्यावरच लागणाऱ्या बलाच्या) आकड्यांत भरायचं आणि ते आकडे स्कॅटरिंगच्या (कण एकमेकांवर आदळवून मोजलेल्या) डेटावरून बसवायचे.

याच्यासाठी लय भारी सुरुवात म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ पीटर लेपाजची १९९७ ची ब्राझीलमधली लेक्चरं, आर्काइव्हवरचा नंबर न्यूकल-टीएच/९७०६०२९ (nucl-th/9706029). आपणच एक पोटेन्शियल घ्यायचं, त्याचा डेटा काढायचा, मग ते लपवून इफेक्टिव्ह थिअरीनं (आतलं सगळं माहीत नसतानाही चालणाऱ्या थिअरीनं) परत गाठायचं. साध्या लॅपटॉपवर होते. कटऑफ नुसता वाढवत नेला म्हणून उत्तर सुधारत नाही, हे स्वतःच्या ग्राफमधी दिसलं ना, की पुढचे पेपर घाबरवत नाहीत. मला तर त्या ग्राफनं जे समजलं ते वर्गात कधीच समजलं नव्हतं.

आता अडचण. आर्काइव्हवर पिअर रिव्ह्यू (दुसऱ्या तज्ज्ञांनी पेपर तपासणं) नसते, फक्त वरवरची तपासणी, आणि या विषयात मोठी मोठी माणसं एकमेकांशी सहमत नाहीत. २००५ मधी नोगा, टिमरमन्स, व्हॅन कोल्क यांनी दाखवलं की वाइनबर्गच्या हिशोबात (कोणती टर्म कोणत्या पायरीला घ्यायची ही स्टीव्हन वाइनबर्गची रीत) कटऑफ वाढवला की काही ट्रिपलेट चॅनलमधी (दोघांचे स्पिन एका दिशेनं असतात तिथं) उत्तरं हलतात, तिथं कॉन्टॅक्ट टर्म पहिल्याच पायरीला पाहिजे. तर माखलाइट आणि एंटेम २०११ च्या रिव्ह्यूत कटऑफ ५०० एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे ऊर्जेचं माप) आसपास ठेवूनच काम करतात. नवीन पोरगं एकच पेपर वाचून त्यालेच शेवटचा शब्द समजू शकते, म्हणून दोन्ही बाजूचे वाचा. पेपरच्या पानावर इन्स्पायरची (कोणी कोणाचा पेपर उद्धृत केला ते दाखवणाऱ्या साइटची) लिंक असते, तिच्यातून कोणी कोणाला उत्तर दिलं ते सापडते.

वाइनबर्गचा १९९० चा मूळ पेपर मात्र इथं मिळत नाही, तो आर्काइव्हच्या आधीचा.

मोबाईलवर वाचणाऱ्यांनो, नव्या बऱ्याच पेपरले एचटीएमएल हाय, तेच उघडा, समीकरणं स्क्रीनवर नीट बसतात. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सर्चसाठी, साधा शब्द टाकला की ढीग येते, लेखकाचं आडनाव आणि वर्ष टाकून शोधा.