चार तारी चॅनलची पातळी: लूपबॅकने लावावी की डिजिटल मिलिवॅटने?

पीसीएम मल्टिप्लेक्सर (अनेक बोलणी डिजिटल करून एकाच वाहिनीवरून नेणारे यंत्र) याच्या चार तारी चॅनल कार्डावर, म्हणजे पाठवण्याला आणि घेण्याला तारांची वेगळी जोडी असलेल्या कार्डावर, सिग्नलची पातळी लावताना दोन पद्धतींतून निवड करावी लागते. एकीत, म्हणजे लूपबॅकमध्ये, पलीकडच्या टोकाला किंवा डिजिटल पोर्टवरच लूप टाकून, पाठवलेला टोन परत आल्यावर मोजतात. दुसरीत पाठवण्याची आणि घेण्याची दिशा वेगळी करून प्रत्येकीची तुलना डिजिटल मिलिवॅट या ठरलेल्या डिजिटल संदर्भाशी केली जाते.

लूपबॅकचे आकर्षण उघड आहे. एक माणूस, एक टोन जनरेटर आणि एक लेव्हल मीटर एवढ्यावर काम होते आणि पलीकडे कोणी फोन धरून उभे राहावे लागत नाही. अडचण अशी की लूपमध्ये दोन्ही दिशांची बेरीज दिसते. पाठवण्याची बाजू दीड डेसिबलने चढी आणि घेण्याची बाजू तेवढीच उतरती असेल, तर मीटर अगदी बरोबर आकडा दाखवतो. पण तेच कार्ड नीट लावलेल्या दुसऱ्या कार्डासमोर आले की एका दिशेचे बोलणे मोठे आणि दुसऱ्या दिशेचे बारीक ऐकू येते. अशा तीन टप्प्यांची साखळी असेल तर प्रत्येक दिशेतला फरक साडेचार डेसिबलपर्यंत साचू शकतो, आणि पुढे दोन तारी फोनच्या हायब्रिडवर (दोन तारी आणि चार तारी बाजू जोडणाऱ्या सर्किटवर) चढ्या दिशेतून प्रतिध्वनी सुरू होतो.

लूप पलीकडच्या चार तारी बाजूला टाकायचा असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशींतील एका प्रचलित जोडीनुसार कार्डात शिरताना टोनची पातळी उणे १४ आणि बाहेर पडताना अधिक ४ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) असते, त्यामुळे मधे १८ डेसिबलचा पॅड, म्हणजे पातळी उतरवणारा तुकडा, हवाच. पॅड विसरला तर टोन ए-लॉ कोडेकच्या (आवाजाचे डिजिटल कोड करणाऱ्या भागाच्या) अधिक ३.१४ डीबीएम-शून्य (संदर्भ बिंदूला धरून मोजलेले डीबीएम) या मर्यादेच्या कितीतरी वर जाऊन कापला जातो आणि मीटरवरचा आकडा निरर्थक ठरतो. अमेरिकी पद्धतीची उणे १६ आणि अधिक ७ ही जोडी असलेल्या कार्डांना हाच पॅड २३ डेसिबलचा लागतो. कार्डावरचे जंपर (जोडी निवडणारे छोटे जोड) कोणत्या जोडीवर आहेत हे पाहिल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर उचलू नये.

डिजिटल मिलिवॅट म्हणजे आयटीयूच्या जी.७११ या आवाज-कोडिंगच्या शिफारशीत ठरवून दिलेली आठ कोडांची आवर्तणारी मालिका. ती चॅनलच्या वेळखाचेत (डिजिटल प्रवाहातील त्या चॅनलच्या ठरलेल्या जागेत) सोडली की डीकोडरमधून १००० हर्ट्झचा, शून्य डीबीएम-शून्य पातळीचा टोन निघतो, म्हणून घेण्याच्या बाजूला ६०० ओहमवर अधिक ४ डीबीएम, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट, मिळेपर्यंत गेन (पातळी वाढवण्या-उतरवण्याचे बटण) फिरवायचा. पाठवण्याच्या बाजूला उणे १४ डीबीएमचा टोन देऊन पीसीएम टेस्ट सेटवर शून्य वाचायचे. या बाजूला मात्र नेमका १००० हर्ट्झ देऊ नये: तो ८००० नमुन्यांच्या दराचा नेमका आठवा भाग असल्याने तेच ते नमुने पुन्हा पुन्हा येतात, आणि वाचन टोनच्या फेजवर अवलंबून राहते. त्यासाठीच आयटीयूने १०२० आणि अमेरिकेने १००४ हर्ट्झ धरले आहेत. या पद्धतीचा तोटा म्हणजे टेस्ट सेटची किंमत आणि दोन्ही टोकांना लागणारा वेळ.

मीटरची चूक मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच फसवते. आधीच ६०० ओहमचा भार जोडलेल्या सर्किटवर मीटर टर्मिनेटेड (स्वतःचाही ६०० ओहमचा भार लावणारा) ठेवला तर वाचन सुमारे साडेतीन डेसिबलने घटते. असा भार नसलेल्या सर्किटवर ब्रिजिंग (स्वतःचा भार न लावणारा) ठेवला तर ते सहा डेसिबलने वाढते. पातळी बिघडल्याची तक्रार आली की मी गेनला हात लावण्याआधी मीटरची ही कळ पाहतो.

नव्याने कार्डे बसवताना, विशेषतः एकामागोमाग अनेक टप्पे असतील तर, माझी पसंती डिजिटल मिलिवॅटलाच आहे. टेस्ट सेट नसेल, पण एक्स्चेंजमधून किंवा मल्टिप्लेक्सरमधून मिलिवॅट टोन मिळत असेल, तर मधला मार्ग निघतो. आधी त्या टोनवर घेण्याची बाजू पक्की करावी, मग डिजिटल पोर्टवर लूप टाकून पाठवण्याची बाजू लावावी. घेण्याची बाजू आता ठाऊक असल्याने उरलेला फरक पाठवण्याचाच असतो. त्या दिवशीचे लूपचे वाचन नोंदवहीत लिहून ठेवले तर पुढच्या नियमित तपासणीला नुसता लूपही पुरतो.