रास्पबेरी पाय ५ वर होम असिस्टंट: पूर्ण ओएस की डॉकर?

२०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाचा चार कोअरचा, २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घरातले दिवे, पंखे, सेन्सर सांभाळायला भरपूर झाला. प्रश्न उरतो तो होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर त्यावर बसवायचं कसं, एवढाच.

होम असिस्टंट ओएस, म्हणजे त्याची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, अख्खा पाय ताब्यात घेते. बदल्यात मॉस्किटो (उपकरणांचे संदेश पोचवणारा सर्व्हर), झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबी या बिनतारी पद्धतीची उपकरणं जोडणारा प्रोग्राम) अशी ॲड-ऑन, म्हणजे जोड-प्रोग्राम, काही क्लिकमध्ये बसतात. अपडेट, बॅकअपही तिथूनच.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवण्याच्या पद्धतीत, ॲड-ऑन मिळत नाहीत. मॉस्किटोचा कंटेनर वेगळा चालवा, झिगबी डोंगलचा (यूएसबीत लावायच्या झिगबी रेडिओचा) पाथ डॉकरच्या कंपोझ या सेटिंग फाइलमध्ये स्वतः लिहा. पण त्याच पायवर फोटोंचा सर्व्हर किंवा पाय-होल (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) ही हवं असेल आणि लिनक्सची सवय असेल, तर इथे खरी मोकळीक आहे.

घरातल्या इतरांच्या हातीही हे जाणार असेल, तर मी ठामपणे ओएसच सुचवेन.

काहीही निवडा, एसडी कार्डाच्या भरवशावर मात्र राहू नका. होम असिस्टंट डेटाबेसमध्ये सतत लिहीत असतं, त्यानं कार्ड झिजतं. पाय ५ ला पीसीआयई ही वेगवान जोडणी आहे. हॅट (पायवर बसणारा जोड-बोर्ड) लावून तिथे एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, बसवा. डोंगल यूएसबी एक्स्टेन्शन केबलनं बोर्डापासून लांब ठेवा, कारण यूएसबी ३ चा अडथळा झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात येतो.