मुतखड्यासाठी लघवीची गोळी: सकाळी एकदाच की दोनदा?

कॅल्शियमचे खडे परत परत होत असतील तर डॉक्टर कधीकधी थायाझाइड गटातली गोळी देतात. लोकांना वाटतं लघवी वाढून खडा धुऊन निघावा म्हणून असेल, पण तिचं खरं काम म्हणजे लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करणं, म्हणून दिवसरात्र मिळून तिचा असर किती तास टिकतो ते बघायचं.

हायड्रोक्लोरोथायाझाइड स्वस्त, सगळीकडे मिळते, पण असर साधारण 6 ते 12 तासच. सकाळी 8 ला घेतली की रात्रीपर्यंत जोर ओसरतो, आणि नेमकं रात्रीच आपण पाणी पीत नाही नि लघवी घट्ट होते. म्हणून काही डॉक्टर 25 मिग्रॅ सकाळी आणि 25 दुपारी 3-4 च्या सुमारास असं देतात. दुसरी जेवणानंतर रात्री घेतली तर झोपेचं खोबरं, आणि दुपारची गोळी ऑफिसात हमखास विसरते ते वेगळंच.

याच कामाची क्लोरथॅलिडोन सकाळी एकच, हाफ लाइफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) 40 ते 60 तास, त्यामुळे रात्रही कव्हर होते. पण रक्तातलं पोटॅशियम जास्त घसरतं, म्हाताऱ्या माणसांत सोडियमही. पोटॅशियम पडलं की लघवीतलं, खडा होऊ न देणारं सायट्रेट कमी होतं, म्हणजे खड्याला परत वाट मोकळी, म्हणूनच बऱ्याचदा सोबत पोटॅशियम सायट्रेट देतात. इंडापामाइडही दिवसाला एकच, असर मधला.

2023 मध्ये नोस्टोन नावाची स्विस ट्रायल आली, 416 पेशंट, हायड्रोक्लोरोथायाझाइड दिवसातून एकदा, 12.5, 25 किंवा 50, आणि खडे परत होण्यात साध्या डमी गोळीपेक्षा ठळक फरक दिसला नाही. पण दोनदा डोस किंवा क्लोरथॅलिडोन त्यात तपासलेलंच नव्हतं, शिवाय त्या लोकांचं मीठही बरंच होतं. सोडियम लघवीतून जाताना कॅल्शियमला सोबत घेऊन जातं, त्यामुळे लोणचं-पापड-फरसाण चालू ठेवून गोळीची वेळ बदलत बसण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

माझं मत विचाराल तर दुपारचा डोस चुकणाऱ्याने सकाळच्या एका लांब असराच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं, आणि वय जास्त किंवा पोटॅशियम आधीच कमी असेल तर फार जपून. चोवीस तासांची लघवी आधी तपासून घ्या, गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम. घरात पडलेली लॅसिक्स (लघवी वाढवणारी दुसऱ्या गटातली गोळी) याला चालत नाही, ती उलट लघवीतलं कॅल्शियम वाढवते. आणि बीपीची कॉम्बिनेशन गोळी चालू असेल तर तिच्या पाकिटावर बघा, हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 त्यात आधीच असू शकतं, ते डॉक्टरांना सांगा.