आजीचा तन्मणी की दुकानातला ‘अँटिक’?

भाचीचं लग्न डिसेंबरात आहे आणि पैठणीवर तिला ‘काहीतरी अँटिक’ हवंय. तिच्यापुढे दोन तन्मणी आहेत, म्हणजे मोत्यांचे सर आणि मधे खडे जडवलेलं पदक, त्यालाच खोड म्हणतात. एक तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, १९४० च्या सुमारास घडवलेला: मोती पिवळट, रेशीम कुजलेलं, खोडातलं एक माणिक डुगडुगतंय. दुसरा पुण्यात लक्ष्मी रोडवर काचेत ठेवलेला, फोटोत झकास दिसणारा. “मावशी, दोन्ही अँटिकच दिसतात की! मग फरक काय?” असं तिने विचारलं. पुढचं सगळं त्याच प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

जाणकार शंभरी ओलांडलेल्या दागिन्यालाच अँटिक म्हणतात. त्याहून अलीकडचा, पण आजच्या घडणीचा नव्हे, तो व्हिंटेज. त्या हिशेबाने आईचा तन्मणीसुद्धा अँटिक नाही. दुकानात मात्र अँटिक हे पॉलिशचं नाव आहे: सोन्याची झळाळी मारून त्याला काळसर, तांबूस छटा द्यायची. यात फसवणूक अशी काही नाही. फक्त चढी घडणावळ मोजताना आपण पैसे वयाचे देत नसून रंगाचे देतोय, एवढं ध्यानात असू द्यावं.

आता मोती. तन्मण्याची अर्धी शोभा त्यांच्यातच असते. पूर्वी चांगला मोती यायचा तो इराणच्या आखातातून, ज्याला आपल्याकडे बसरा मोती म्हणतात. जपानच्या मिकिमोतोने १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला, आणि १९२० नंतर पूर्ण गोल कल्चर्ड, म्हणजे असे पिकवलेले, मोती बाजारात येऊ लागल्यावर आखाताचा धंदा बसला. म्हणजे पणजीच्या डब्यातला मोती नैसर्गिक असण्याची शक्यता बरीच, १९४० च्या दागिन्यात दोन्ही शक्य. नव्या तन्मण्यात बहुधा चीनचे गोड्या पाण्यातले कल्चर्ड मोती असतात, स्वस्तात गेलात तर मोत्याचा मुलामा दिलेली काच. मोती दातावर घासून बघायची आपली जुनी रीत काच पकडते. पण कल्चर्ड मोतीही तसाच खरखरीत लागतो, त्यामुळे नैसर्गिक की कल्चर्ड हे दात सांगू शकत नाहीत. त्याला प्रयोगशाळेत एक्स-रेच काढावा लागतो.

माणकांनी तर माझा भ्रमनिरास केला. जुनं म्हणजे अस्सल, असं मी आयुष्यभर समजत आले. पण फ्रान्समध्ये व्हर्नॉयने भट्टीत माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्येच जाहीर केली होती, आणि ती माणकं लवकरच जगभर दागिन्यांत बसली. आमच्या खोडातलं ते डुगडुगणारं माणिक भिंगाखाली धरलं तर आत वाकड्या, समांतर रेषा आणि हवेचे बुडबुडे. भट्टीची खूण ती. आई हयात असती तर तिला सांगितलं नसतं. शेजारची दोन माणकं मात्र खाणीतली निघाली.

नव्या दागिन्यातली जोखीम वेगळी. साधारण २००४ पासून भेगा पडलेल्या माणकात शिसेयुक्त काच भरून विकतात. दिसायला लालबुंद, पण सोनाराचं तेजाब सोडाच, लिंबाचा रस लागला तरी ती काच खराब होते. म्हणून बिलावर नुसतं ‘माणिक’ लिहून घेऊ नका. नैसर्गिक की कृत्रिम, आणि काही प्रक्रिया केली आहे का, हे लिहायला सांगा. जो दुकानदार हे लिहायला कां कूं करतो, तिथून उठावं.

जुन्याची खरी अडचण देखभालीची. कोंदणात खड्याच्या मागे डांक, म्हणजे चकाकीसाठीचा पातळ पत्रा, लावलेला असतो आणि पोकळीत लाख. पाणी आत शिरलं की डांक काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. हे मला कसं कळलं? एका दिवाळीत मी कोंदणाची कुडी साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घातली होती, म्हणून. मोत्यालाही घाम आणि अत्तर सोसत नाही, तेव्हा तन्मणी सगळ्यात शेवटी घालायचा आणि सगळ्यात आधी काढायचा. रेशीम कुजलं असेल तर पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने गाठवणाऱ्याकडून, पुन्हा गाठवून घ्यायचा. सोन्या मारुती चौकाच्या आसपास दोन सराफांना विचारलं तर तिसरा पटवेकऱ्याचा पत्ता देतो.

सोन्याबद्दल थोडक्यात. हॉलमार्क १६ जून २०२१ पासून सक्तीचा होऊ लागला, पण कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिने त्यातून वगळलेले आहेत, त्यामुळे नव्यावरही तो असेलच असं नाही. नवं असो की जुनं, कॅरेटोमीटरवर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या आणि लाख-खडे वजा जाता सोनं किती, ते वेगळं विचारा. घरातला दागिना १९६३ ते १९६६ मधला असेल तर विशेष लक्ष द्या: सरकारच्या सुवर्ण नियंत्रणामुळे त्या काळात १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी होती.

मोडीत दोन्ही मार खातात. सराफ सोन्याचे पैसे देतो. मोती, लहान खडे आणि घडणावळ यांना जवळपास शून्य. फरक एवढाच, की नव्यात ती घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी तुम्ही कालपरवाच खिशातून दिलेले असतात.

पुणेकरांसाठी आणखी एक, कारण इथे घरटी एकजण परदेशात. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा तन्मणी लेकीसोबत विमानात चढवायचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. आमच्या भाचीला जर्मनीला जायचंय. आमचा तन्मणी शंभरीच्या आत आहे, म्हणून ती काळजी मिटली.

माझं मत विचाराल तर घरात जुना असेल आणि खोड शाबूत असेल, तर तोच गाठवावा. मोत्यांचे सर बदलता येतात, ते हाताने केलेलं कोंदण पुन्हा मिळत नाही. घरात नसेल, किंवा दर समारंभाला वापरायचा, नाचायचं, घामाघूम व्हायचं असेल, तर नवा घ्यावा, हौसेने घ्यावा. अनोळखी माणसाकडून ‘पेशवाई’ म्हणून विकला जाणारा जुना मात्र प्रयोगशाळेच्या कागदाशिवाय घेऊ नये.

भाचीने आजीचा उचलला. डुगडुगणारं माणिक बदलून खाणीतलं बसवू का, असं सराफाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “नको, आजीने हेच घातलं होतं. फक्त घट्ट बसवा.”