रेडिएटर गार होता, म्हणून मी विश्वास ठेवला

आमचं सोलापुरात लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. मिस्टर कॅमेरा सांभाळतात, एडिटिंग मी घरी करते. २०२२च्या फेब्रुवारीत आमचा जुना कॉम्प्युटर अगदीच थकला. फोर-के फुटेज टाइमलाइनवर टाकलं की जागेवरच अडकायचा, आणि पुढे लग्नसराई तोंडावर आलेली. त्या घाईत मी पुण्यातल्या एका सेकंडहँड कॉम्प्युटर विकणाऱ्याकडून मशीन घेतलं आणि फसले. कसं फसवलं ते बारीकसारीक लिहिते आहे, कारण त्याने फारसं काही लपवलं नव्हतं. संशय यावा अशी प्रत्येक खूण त्याने मला बोट दाखवून दाखवली, आणि तीच चांगली गोष्ट आहे म्हणून विकली.

मी एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करते. एडियसवाल्यांना इंटेलचा प्रोसेसर लागतो, कारण एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला, त्यातली क्विक सिंक ही व्हिडिओची सोय कामाला येते. नवीन मशीन तेव्हा परवडत नव्हतं. ग्राफिक्स कार्ड आमच्याकडे जुनं होतं, बाकीचं हवं होतं. या विकणाऱ्याची जाहिरात होती: आय७-८७००के प्रोसेसर, डीलिड केलेला (म्हणजे झाकण उघडून पुन्हा लावलेला), आत लिक्विड मेटल, २४० एमएमचा लिक्विड कूलर (पंपाने पाणी फिरवून रेडिएटरमधून उष्णता बाहेर टाकणारा), ५ गिगाहर्ट्झची खात्री, ३२ जीबी रॅम. किंमत ५८,०००. त्यातले ८,००० डीलिड आणि ओव्हरक्लॉकची, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवण्याची, मजुरी म्हणून वेगळे सांगितले होते.

आधी हे सांगते की यातली एकही गोष्ट मुळात खोटी नसते. ८७००के हा २०१७चा सहा कोअरचा प्रोसेसर. नावापुढचा ‘के’ म्हणजे त्याचा मल्टिप्लायर (मूळ वेगाला गुणणारा आकडा) उघडा आहे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन वाढवता येतो. १०० मेगाहर्ट्झ गुणिले ५० केलं की ५ गिगाहर्ट्झ. पण वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. सगळे कोअर ४.३ ऐवजी ५ वर न्यायचे आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५ करायचं, तर उष्णता जवळजवळ दीडपट होते. त्यात इंटेलने या पिढीत प्रोसेसरची चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डरऐवजी साधी पेस्ट भरलेली होती. म्हणून हौशी लोक झाकण काढून पेस्ट खरवडतात, उष्णता चटकन वाहून नेणारा पातळ धातू, म्हणजे लिक्विड मेटल, लावतात आणि झाकण पुन्हा चिकटवतात. यालाच डीलिड म्हणतात. नीट केलं तर तापमान १० ते २० अंशांनी उतरतं. हे सगळं मी घेण्याआधी वाचलं होतं. त्यामुळेच त्याचं बोलणं मला पटत गेलं.

दुकानात मशीन तयार होतं. प्रोसेसर कूलरखाली गेलेला, म्हणून त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. झाकणावर आय७-८७००के स्पष्ट कोरलेलं. फोटो मोठा करून तो म्हणाला, “ताई, ही कड बघा. काळं सिलिकॉन दिसतंय ना? म्हणजे उघडून पुन्हा लावलाय. डीलिडची हीच खूण.” वॉरंटीचं विचारलं तर म्हणाला, झाकण काढलं की कंपनीची वॉरंटी जाते. तेही खरंच आहे. मग त्याने विंडोजची सिस्टिमची खिडकी उघडली. तिथे लिहिलेलं होतं: इंटेल कोअर आय७-८७००के, ५.०० गिगाहर्ट्झ. मशीनचा अजिबात आवाज येत नव्हता. “किती सायलेंट आहे बघा,” तो म्हणाला. मिस्टरांनी विचारलं, अर्धा तास काहीतरी रेंडर करून बघूया का? त्यावर उत्तर आलं की सॉफ्टवेअर टाकलेलं नाही, घरी जाऊन बघा, सात दिवस टेस्टिंग वॉरंटी आहेच. आम्हाला संध्याकाळची गाडी पकडायची होती. आम्ही पैसे दिले.

निघताना दोन गोष्टी त्याने बजावून सांगितल्या. बायोसला पासवर्ड टाकलाय, ओव्हरक्लॉकची सेटिंग चुकून बिघडू नये म्हणून. आणि विंडोज पुन्हा टाकू नका, ओव्हरक्लॉक निघून जाईल.

पहिले सात दिवस सॉफ्टवेअर टाकण्यात, जुना डेटा आणण्यात आणि लहानसहान कामांत गेले. मार्चमध्ये तीन तासांची पूर्ण लग्नाची फिल्म एक्स्पोर्टला लावली, तेव्हा मशीन सुरुवातीला पळालं आणि दोनेक मिनिटांत गोगलगाय झालं. एप्रिलमध्ये तर रेंडर चालू असताना खटकन बंद पडायला लागलं. मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “मागच्या... नाही, वरच्या रेडिएटरला हात लावा ताई. गार आहे ना?” मी लावला. गार होता. “मग कूलिंग मस्त चाललंय. तुमच्या खोलीचा प्रॉब्लेम आहे. सोलापूरचा उन्हाळा, एसी बसवा.”

आम्ही हप्त्यावर एसी घेतला. हे लिहिताना अजूनही पोटात तुटतं. ५८,००० गेलेच होते, त्यावर हा खर्च त्या माणसाच्या एका वाक्यावर केला. खोली २४ अंशांवर आणली, तरी मशीन बंद पडायचं ते पडतच राहिलं. एका नवरीच्या वडिलांना मी तीनदा तारीख दिली आणि तीनदा मोडली. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “पोरगी बघायला मागतेय हो.” 

मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला. इंजिनिअरिंगला आहे. त्याने ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मावशी, तू तापमान कुठे बघतेस?” विकणाऱ्याने टाकून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा होता, कायम ३८ ते ४०. तो मदरबोर्डचा निघाला. भाच्याने पेनड्राइव्हवरून सीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो हे प्रोसेसरची माहिती आणि तापमान दाखवणारे प्रोग्रॅम चालवले. सीपीयू-झेड नाव थेट प्रोसेसरकडून वाचतं. तिथे आलं: आय७-८७००, ३.२० गिगाहर्ट्झ. ‘के’ नाही. म्हणजे कुलूपबंद मल्टिप्लायरचा प्रोसेसर, जो ५ गिगाहर्ट्झवर नेता येतच नाही. एका कोअरवर ४.६, सगळ्यांवर ४.३, संपलं.

मग सिस्टिमच्या खिडकीत ८७००के कसं? विंडोज चालू होताना प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या नोंदवहीत, लिहून ठेवतं आणि ती खिडकी तिथलंच नाव दाखवते. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक छोटीशी फाइल लावलेली सापडली. दर वेळी लॉगिन झालं की ती तिथे खोटं नाव लिहायची. विंडोज पुन्हा टाकू नका, ते यासाठी. ओव्हरक्लॉकची सेटिंग बायोसमध्ये असते, विंडोज बदललं म्हणून ती जात नाही. आणि खऱ्या ८७००केच्या नावातही ३.७०च लिहिलेलं असतं, कितीही ओव्हरक्लॉक केला तरी ते बदलत नाही. ‘५.००’ या ज्या आकड्यावर मी खूश झाले, तोच खोटेपणाचा पुरावा होता.

त्यानंतर भाच्याने रेंडर लावलं आणि माझा हात धरून कूलरच्या नळ्यांवर ठेवला. पंपाच्या डोक्याला चिकटून नळी चटका बसेल इतकी गरम. तिथून चार बोटं पुढे गेलं की गार. दुसरी नळीही गार, रेडिएटर गार, पंख्यातून येणारी हवा गार. स्क्रीनवर प्रोसेसर १००. पाणी फिरतच नव्हतं. पंप मेलेला होता. उष्णता रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून तो गार होता. चांगला चालणारा लिक्विड कूलर लोडखाली पाच-दहा मिनिटांनी हाताला कोमट लागलाच पाहिजे. दोन्ही नळ्याही जवळपास सारख्याच कोमट लागतात. आणि ज्या शांततेचं दुकानात कौतुक झालं, ती बंद पंपाची शांतता होती.

हा प्रोसेसर १०० अंशांला पोचला की स्वतःच वेग खाली आणतो, आणि त्यापुढेही तापत राहिला तर मशीन बंद करतो. माझं मशीन दोन महिने हेच करत होतं. पंप फिरत नसेल तर मदरबोर्ड चालू होतानाच सीपीयू फॅन एररची सूचना देतो. ती आम्हाला कधीच आली नाही. भाच्याने वायर काढून, मदरबोर्डवरचा सेल काढून बायोसचा पासवर्ड घालवला. आत गेल्यावर पहिल्याच पानावर प्रोसेसरचं खरं नाव होतं. तेवढ्यासाठीच पासवर्ड. सेल काढल्यावर सगळ्या सेटिंग मूळपदावर आल्या आणि लगेच ती एररही आली. म्हणजे आधी कुणीतरी हाताने ती सूचना बंद करून ठेवली होती.

कूलर काढला. झाकण एका बाजूला किंचित तिरकं बसलेलं, कडेने सिलिकॉन बाहेर आलेलं. भाच्याने अंगठ्याने थोडं फिरवलं तर झाकण सुटून हातात आलं. लिक्विड मेटल असतं तर पाऱ्यासारखं चकचकीत दिसलं असतं. आत पांढरी पेस्ट होती, वाळून भिंतीच्या पोपड्यासारखे तुकडे पडत होते. कुठल्यातरी मेलेल्या ८७००केचं झाकण काढून आमच्या ८७००वर चिकटवलं होतं. म्हणूनच ती कडेची खूण. म्हणूनच तो ती स्वतःहून दाखवत होता.

पुढचं थोडक्यात. बिल कच्चं होतं, त्यावर ‘असेंबल्ड सीपीयू, १ नग’ एवढंच. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पण जाहिरातीचा मजकूर, तो फोटो आणि ‘खात्रीने ५ गिगाहर्ट्झ’ असं त्याने लिहिलेलं, हे सगळं व्हॉट्सअॅपवर होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले. नंतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला. “ताई, मलाच तसा माल मिळाला होता.” मी विचारलं, माल तसा मिळाला असेल, पण ती लॉगिनची फाइल आणि बायोसचा पासवर्ड कुणी टाकला? त्याने विषय बदलला. शेवटी २०,००० परत दिले, तक्रार मागे घ्यायच्या अटीवर. मी घेतले. घ्यायला नको होते असं आता वाटतं, पण त्या महिन्यात एसीचा हप्ता होता.

आता कुणी असं मशीन घ्यायला निघालं तर मी एवढंच सांगते: पैसे देण्याआधी स्वतःच्या पेनड्राइव्हवरून सीपीयू-झेड चालवा आणि बायोसमध्ये जाऊन नाव वाचा. बायोसला पासवर्ड असेल तर तो तुमच्यासमोर काढायला लावा. मग सगळे कोअर राबतील असं काहीतरी अर्धा तास चालवा, तापमान आणि वेग दोन्ही बघत. सिनेबेंच हा प्रोसेसरची परीक्षा घेणारा प्रोग्रॅम पुरतो. रिकाम्या मशीनवरचा वेगाचा आकडा कुणालाही दाखवता येतो. दुकानदार अर्धा तास देत नसेल तर गाडी चुकली तरी चालेल, पण तिथून निघा. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. आणि डीलिड केलेला प्रोसेसर अनोळखी माणसाकडून घेऊ नका, अगदी खरा असला तरी. आत काय आहे ते उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि उघडला की तो म्हणणार तुम्हीच बिघडवला.

त्याच ८७००वर भाच्याने नवी पेस्ट लावली, झाकण नीट बसवलं आणि साधा टॉवर एअर कूलर चढवला. ओव्हरक्लॉक काही नाही. ४.३वर चालतो, मे महिन्यातही ८०च्या आत राहतो. त्या नवरीची फिल्म रात्री लावली आणि सकाळी चहा व्हायच्या आत तयार होती. मी स्वतः घरी नेऊन दिली.

मागच्या आठवड्यात मिस्टरांनी मोबाइल पुढे केला. त्याच माणसाची नवी जाहिरात, नंबर वेगळा. ८७००के, डीलिड, ५ गिगाहर्ट्झची खात्री. फोटो मोठा करून बघितला. माझ्याकडे असलेलाच फोटो आहे, तीच तिरकी कड, तेच बाहेर आलेलं सिलिकॉन.