थेक्कडीची बोट: मिळाली तर साडेसातचीच घ्या

केरळच्या टूरच्या कागदावर ‘तिसरा दिवस : थेक्कडी, बोटिंग’ एवढंच होतं. म्हणजे जंगलातल्या तळ्यात बोटीतून जनावरं बघायची. कितीची बोट, ते नव्हतं. मी विचारलंही नाही, तिथेच फसलो. आम्हाला सव्वाअकराची फेरी दिली होती. फेब्रुवारीचं ऊन, अंगात ते जाडजूड लाइफ जॅकेट, आणि दीड तासात दोन रानडुकरं. लांबवर एक सांबरही होतं म्हणे. पुढच्या काकांना दिसलं, मी नुसती मान डोलावली. उतरताना आमच्या सौंनी विचारलं, “अहो, हत्ती कधी येणार होते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची मंडळी मसाल्याच्या बागेत निघाली. वेलदोडे आमच्या डब्यातही आहेत, असं म्हणून आम्ही दोघं मागे राहिलो आणि पदरच्या पैशानं साडेसातची बोट गाठली. चार तारे देतोय ते या दुसऱ्या फेरीला. पहिलीला दीड द्यायलाही हात धजत नाही.

आधी सोयीचं सांगतो. आपली गाडी धक्क्यापर्यंत जात नाही. कुमळीच्या पार्किंगला ती ठेवायची आणि पुढे वनखात्याच्या बसनं जायचं. पेरियार राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश तिकीट वेगळं, बोटीचं वेगळं. त्यामुळे बोटीच्या वेळेच्या किमान तासभर आधी निघा. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा आणि ओळखपत्र जवळ असू द्या. पहाटे गारठा असतो, वाऱ्यावर तर जास्तच. सौंनी स्वेटर घेतला होता, मी घेतला नव्हता.

आता तळ्याविषयी. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळे माझी नजर जरा बिघडलेली आहे. बोटीतले सगळे धुकं आणि डोंगर बघत होते, मी काठावरचा पाणी उतरल्याचा तांबडा पट्टा बघत होतो. कारण हे तळं देवानं केलेलं नाही. हा मुल्लपेरियार धरणाचा जलाशय आहे, साधारण २६ चौरस किलोमीटरचा. जॉन पेनीक्विक नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं चुना आणि सुरखीत (म्हणजे विटांच्या भुकटीत) बांधलेलं हे धरण १८९५ मध्ये पुरं झालं. अरबी समुद्राकडे निघालेली नदी अडवायची आणि डोंगरातून बोगदा काढून तिचं पाणी पूर्वेला, मदुराईकडच्या कोरड्या मुलखात सोडायचं, असा तो बेत. तोही त्या काळातल्या यंत्रांवर! धरण उभं आहे केरळात, पण चालवतं तामिळनाडू. मूळ करार १८८६ चा, मुदत ९९९ वर्षं. हे वाचल्यापासून मला जागा बघायची होती, हत्ती हे निमित्त. धरण मात्र बोटीतून दिसत नाही, तिकडे पर्यटकांना सोडतही नाहीत. जरा हिरमोड झालाच.

त्याची भरपाई खोडांनी केली. जंगल पाण्याखाली गेलं तेव्हाची झाडं अजून पाण्यात उभी आहेत, काळी, बोडकी, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ. आमच्या बुडीत क्षेत्रांतली झाडं धरण भरायच्या आधीच तोडलेली असायची, त्यामुळे असं दृश्य मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. जवळपास प्रत्येक खोडावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. एका खोडावर तिरंदाज पक्ष्याचं घरटं होतं. बोट अगदी जवळून गेली तरी तो हलला नाही.

आणि गवे. सात मोठे, दोन वासरं, उतरलेल्या पाण्यानं मोकळ्या केलेल्या कुरणात चरत होते. आपल्याकडे धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करतात ना, तसंच हे. ओल्या काठावर कोवळं गवत येतं आणि जनावरं खाली उतरतात. म्हणूनच मार्च ते मे, पाणी खाली गेल्यावर, हत्ती दिसण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यानंतर तळं काठोकाठ भरलेलं असताना देखावा उत्तम, पण जनावरांना रानातच पाणी मिळतं, ती इकडे कशाला येतील? आम्हाला हत्ती एकच दिसला, पाठमोरा, झाडीत शिरताना. सौंनी तो मोजला. मी शेपटीला हत्ती म्हणत नाही, पण वाद घातला नाही.

एक तारा कापला तो सहप्रवाशांमुळे. गवे दिसताच निम्मी बोट उठून एका बाजूला आली. कर्मचारी ओरडून बसवत होता, कुणी ऐकेना. याच तळ्यात ३० सप्टेंबर २००९ ला बोट उलटून ४५ माणसं गेली होती. जॅकेटचे पट्टे नीट बांधा आणि जागेवरूनच बघा. शक्यतो वरच्या मजल्यावर कडेची जागा घ्या. दुर्बीण न्याच, मोबाइलच्या झूममध्ये गवा म्हणजे काळा ठिपका येतो. माझ्याकडे असे चाळीस ठिपके आहेत.